गाणं मेजर, गणित मायनर

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत १९७२ पासून २००१ पर्यंत एक मास्तर दोन विषय शिकवायचे. एक गणित. दुसरा अमेरिकन संगीत नाटक. मास्तरांचं नाव टॉम लेरर. पंधराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल, अठराव्या वर्षी गणिताचे पदवीधर, आणि पुढे पियानोवर बसून म्हटलेल्या तिखट विनोदी गाण्यांमुळे देशभर गाजलेले. तेव्हा माहीत असलेली सगळी, म्हणजे १०२ मूलद्रव्यं त्यांनी एका गाण्यात ओवली. चाल घेतली होती गिल्बर्ट-सलिव्हन जोडीच्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीत नाटकातली. कला शाखेच्या मुलांसाठीच्या आपल्या गणिताच्या वर्गाला ते ‘टेनर गायकांचं गणित’ म्हणायचे. संगीत नाटकाच्या वर्गातली मुलं तर जुनी म्युझिकल्स स्वतः गाऊन सादर करायची. निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा गणिताचा तास होता ‘अनंत’ या विषयावर!

लेररसाहेब २०२५ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. त्याआधी पाच वर्षं त्यांनी आपली सगळी गीतं जगाला मोफत खुली करून टाकली होती.

त्यांची आठवण काढायचं कारण असं. अमेरिकेत म्युझिकल थिएटरची पदवी घेणाऱ्या पोराला घरून पहिला प्रश्न येतो तो पोटापाण्याचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तर हमखास. ‘कर बाबा तुझं गाणं-नाचणं, पण जोडीला एक धड विषय घे,’ असा तह होतो, आणि मग कुणी संगणकशास्त्र घेतं, कुणी मानसशास्त्र, कुणी अर्थशास्त्र. घरच्यांच्या हिशेबात हा दुसरा विषय म्हणजे अडीअडचणीची सोय. पण म्युझिकलचा इतिहास चाळला की दिसतं ते वेगळंच: तो दुसरा विषय बघता बघता थेट रंगमंचावर येऊन उभा राहतो आणि गाऊ लागतो.

सकाळी बॅले, रात्री तालीम

आधी थोडं वेळापत्रक समजून घेऊ, कारण सगळं अडतं ते तिथेच. या विषयाच्या पदव्या मुख्यतः दोन जातींच्या. पहिली बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्‌स. तिच्यात सुमारे दोन तृतीयांश अभ्यास गाणं, नाच आणि अभिनय यांचाच. सकाळी बॅले, मग टॅप नाहीतर जॅझ, मग गाण्याची एकट्याची शिकवणी, स्वरलिपीचं वाचन, अभिनयाचा तास. आणि संध्याकाळी तालीम सुरू झाली की रात्रीपर्यंत सुटका नाही. ज्याला नाटकात भूमिका नाही त्याने दिवे, कपडेपट, रंगमंच सांभाळायचा, तोही अभ्यासाचाच भाग. आता यात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल बसवा बघू! म्हणून बीएफएवाली मुलं बहुधा मायनरवर, म्हणजे पाच-सहा कोर्सच्या जोडविषयावर, भागवतात. दुसरी जात बीएची. तिथे नाट्यविषयाचा वाटा निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे दोन-दोन मेजर, म्हणजे मुख्य विषय, करणारी मुलं याच वाटेने जातात.

बीएफएची मोठी कॉलेजं वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस मुलं घेतात. त्यासाठी आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तर समोर जाऊन गायचं, नाचायचं, स्वगत म्हणायचं. गाण्याचा किती तुकडा गायचा हेही मोजून दिलेलं असतं. त्यामुळे एवढ्या कष्टाने मिळालेल्या जागेवर बसून ‘मला जोडीला संख्याशास्त्रही हवंय’ म्हणायला छाती लागते.

काही विद्यापीठांनी मात्र ही गाठ आधीच बांधून ठेवली आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये कला अधिक मानव्यविद्या, कला अधिक विज्ञान आणि कला अधिक संगणकशास्त्र अशा जोडपदव्याच आहेत. याचं नवल वाटायला नको, कारण अमेरिकेतलं पदवी देणारं पहिलं नाट्यविद्यालय १९१४ साली निघालं ते इथेच, आणि तेव्हा संस्थेचं नाव होतं कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. पोलादाच्या गावात, तंत्रशिक्षणाच्या आवारात नाटकाची पदवी जन्मली! ‘गॉडस्पेल’ हे गाजलेलं म्युझिकल म्हणजे याच कॉलेजातल्या जॉन-मायकल टेबेलॅक या विद्यार्थ्याचा पदव्युत्तर प्रकल्प. त्याला नवं संगीत दिलं तिथल्याच स्टीफन श्वार्ट्झ यांनी, ज्यांनी पुढे ‘विकेड’ केलं.

मिशिगन विद्यापीठाचा डॅरेन क्रिस नाटकाची पदवी घेताना संगीतशास्त्र आणि इटालियन असे दोन मायनर करून बाहेर पडला. २०२५ मध्ये त्याला ‘मेबी हॅपी एंडिंग’ या म्युझिकलमधल्या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला. भूमिका कुणाची, तर अडगळीत टाकलेल्या यंत्रमानवाची.

तीस मिनिटं गाणंच नाही

इतिहास हा विषय जोडीला घेतलेल्या एका माणसाचा किस्सा मला सगळ्यांत जास्त आवडतो. शर्मन एडवर्ड्‌स हा हायस्कुलात अमेरिकन इतिहास शिकवलेला माणूस. पोटासाठी पॉप गाणीही रचायचा. त्यांतली काही एल्व्हिस प्रेस्लीने गायली. त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर म्युझिकल करायचं. विचार करा, रंगमंचावर काय असणार? उकाड्याने हैराण झालेले, विगवाले वीसेक पुरुष, एक सभागृह आणि अखंड वाद. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला पहिलीपासून ठाऊक. कोण पैसे लावेल?

मार्च १९६९ मध्ये ‘१७७६’ ब्रॉडवेवर आलं आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी घेऊन गेलं. त्यात एक प्रवेश असा आहे की तीस मिनिटांहून जास्त वेळ एकही गाणं नाही. नुसती चर्चा, ठराव, दुरुस्त्या. ब्रॉडवेच्या म्युझिकलमध्ये एवढी लांब संगीतशून्य पट्टी दुसरी सापडणार नाही. तेवढ्या वेळात वादकांना पिटातून उठून जायची मुभा असायची. संगीत नाटकात संगीत थांबवायचं धाडस कसलेल्या संगीतकारालाही सहजी झालं नसतं. वाद कसा रंगतो याची ओढ ज्याने वर्गात फळ्यासमोर उभं राहून अनुभवली आहे, त्यालाच हे सुचू शकतं. १९७० मध्ये हे नाटक थेट व्हाइट हाऊसमध्ये झालं. सनातन्यांना चिमटा काढणारं एक गाणं गाळा, असा निरोप निक्सन यांच्या माणसांकडून आला. मंडळींनी ते गाळलं नाही.

याच घराण्यातला पुढचा मास्तर म्हणजे लिन-मॅन्युएल मिरांडा. वेस्लियन विद्यापीठातून नाट्यशास्त्राची पदवी घेऊन तो आपल्याच जुन्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवायला लागला. सुट्टीवर जाताना रॉन चर्नो यांचं अलेक्झांडर हॅमिल्टनचं जाडजूड चरित्र सोबत नेलं, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: २०१५ मध्ये ब्रॉडवेवर ‘हॅमिल्टन’, मग ११ टोनी आणि पुलित्झर. कमी ठाऊक आहे ते असं की २०१६ पासून न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतल्या २०,००० मुलांना हे नाटक दहा डॉलरमध्ये दाखवायची योजना निघाली. दहाच का? कारण दहाच्या नोटेवर हॅमिल्टनचं चित्र आहे. मुलांनी आधी त्या काळाची मूळ कागदपत्रं वाचायची, त्यावर स्वतःचं गाणं, रॅप किंवा छोटा प्रवेश बसवायचा, आणि निवडलेल्यांनी तो त्याच ब्रॉडवेच्या रंगमंचावर करून दाखवायचा. इतिहासाचा तास असा झाला तर कुठलं पोर दांडी मारेल?

वकिलांची मोठी रांग

कायदा आणि म्युझिकल यांचं नातं इतकं जुनं आणि दाट आहे की मला वाटतं, या दोन विषयांची जोडपदवी सर्वांत आधी निघायला हवी होती.

ज्यांच्या चालीवर लेररनी मूलद्रव्यं गायली, त्या जोडीतले गिल्बर्ट हे बॅरिस्टर होते. त्यांचं ‘ट्रायल बाय ज्युरी’ (१८७५) अख्खं कोर्टात घडतं आणि न्यायाधीश, ज्युरी, पक्षकार सगळे गातात. अमेरिकेत परकीय लेखकांना कॉपीराइट नव्हता, त्यामुळे या जोडीचं ‘पिनाफोर’ तिकडे सर्रास चोरून व्हायचं. पुढच्या नाटकाच्या वेळी मंडळींनी डाव टाकला. ३१ डिसेंबर १८७९ ला ‘पायरेट्स’चा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कमध्येच लावला. पण ब्रिटिश हक्कही हातचा जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी इंग्लंडमधल्या पेंटन या छोट्या गावात एक घाईचा प्रयोग उरकला. तिथल्या नटांचा दौरा चालू होता ‘पिनाफोर’चा, त्यामुळे अंगावर कपडे त्याच नाटकाचे, डोक्याला रुमाल बांधून चाचे झालेले, आणि हातात नकलांचे कागद! समुद्री चाच्यांचं नाटक चाचेगिरीपासून वाचवण्यासाठी. आपल्याकडे पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला तो ३१ ऑक्टोबर १८८० चा, म्हणजे अवघ्या दहा महिन्यांनी. दोन टोकांना संगीत नाटक एकाच सुमाराला अंग धरत होतं, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

अमेरिकेतले दिग्गज कोल पोर्टर यांनी येलमध्ये इंग्रजी मेजर आणि संगीत मायनर केलं. म्हणजे आजची जोडी १९१३ सालीच. मग ते हार्वर्डला कायदा शिकायला गेले आणि तिथून संगीत विभागात सटकले. ऑस्कर हॅमरस्टीन यांनी कोलंबियाचं कायद्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि पुढे रिचर्ड रॉजर्स यांच्यासोबत ‘ओक्लाहोमा!’ दिलं.

जेफ मार्क्स यांची तऱ्हा याहून मजेदार. हे रीतसर वकील. म्युझिकल लिहिणाऱ्यांच्या एका कार्यशाळेत ते गेले ते पुढेमागे अशिलं मिळतील म्हणून. मिळाले रॉबर्ट लोपेझ, ज्यांनी पुढे ‘फ्रोझन’ची गाणी केली. दोघांनी मिळून बाहुल्यांचं ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ रचलं. त्यातला नायक इंग्रजीत बीए करून ‘आता या पदवीचं करू काय’ म्हणत गातो. २००४ मध्ये या नाटकाने ‘विकेड’ला मागे टाकून टोनी पटकावला.

कॅनडातले मायकल रुबिनॉफ हेही वकील. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा न्यूफाउंडलंडमधल्या गँडर या गावात ३८ विमानं उतरली आणि गावाने हजारो अनोळखी प्रवाशांना घरात घेतलं. यावर म्युझिकल व्हावं ही कल्पना रुबिनॉफ यांची. ते शेरिडन कॉलेजात म्युझिकल थिएटरच्या विभागात होते; ‘कम फ्रॉम अवे’ सुरुवातीला उभं राहिलं ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी.

डेरिक वँग यांचं तर नाटकच कायद्याच्या वर्गातून निघालं. हार्वर्ड आणि येलमध्ये संगीत शिकलेला हा संगीतकार मेरीलंडला कायदा शिकायला गेला. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचताना त्याला दिसलं की न्यायमूर्ती स्कॅलिया आणि न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांची मतं टोकाची विरोधी, आणि दोघे ऑपेराचे वेडे, जिवलग मित्र. त्याने दोघांवर विनोदी ऑपेरा रचला. त्याच्या संहितेला तळटीपा आहेत: कुठली ओळ कुठल्या निकालपत्रातून आली, याचे संदर्भ, कायद्याच्या नियतकालिकात देतात तसे.

दंतवैद्याचा मुलगा

‘लिटल मर्मेड’, ‘अलादिन’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ यांचे संगीतकार अ‍ॅलन मेंकन यांचे वडील दंतवैद्य होते आणि पियानोही झकास वाजवायचे. मुलाने न्यूयॉर्क विद्यापीठात आधी वैद्यकीयपूर्व अभ्यासक्रम घेतला, मग संगीताकडे वळला. त्याचं पहिलं तुफान गाजलेलं म्युझिकल ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’. त्यात रोग्यांचे हाल करण्यात आनंद मानणारा एक भयंकर दंतवैद्य आहे. ब्रॉडवेच्या संगीतकार जनीन टेसोरी यांनीही बर्नार्ड कॉलेजात डॉक्टर व्हायचंच ठरवलं होतं.

पण डॉक्टर आणि नाटक या जोडीत अमेरिकेने आपल्याकडे शिकवणी लावावी. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, हे सर्वज्ञात आहे. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज मात्र अभ्यासावं असं प्रकरण आहे. १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांच्या संहितेला कीर्तन, लावणी, अभंग या सगळ्यांनी भरलेलं भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि ब्राह्मणांची ती डुलणारी, गाणारी मानवी भिंत. दिग्दर्शक जब्बार पटेल, बी. जे. चे, बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. नाना फडणवीस मोहन आगाशे, बी. जे. चे, मानसोपचारतज्ज्ञ. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, कीर्तनाचाच बाज घेऊन ‘महानिर्वाण’ आलं. लेखक-दिग्दर्शक सतीश आळेकर, जीवरसायनशास्त्राचे एमएस्सी, नोकरी कुठे? बी. जे. मध्येच. मेलेल्या माणसाने स्वतःच्या मृत्यूवर कीर्तन करावं, ही कल्पना मेडिकल कॉलेजात वावरणाऱ्या माणसाला सुचली, याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही. पुढे तेच आळेकर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले.

कोडी, नफा-तोटा आणि प्रमेय

स्टीफन साँडहाइम विल्यम्स कॉलेजात संगीत शिकले, आणि नंतर मिल्टन बॅबिट यांच्याकडे गेले. हे बॅबिट संगीतकार, पण युद्धकाळात प्रिन्स्टनला गणितही शिकवलेले. साँडहाइम यांना कोड्यांचं इतकं वेड की १९६८ मध्ये ते ‘न्यूयॉर्क’ मासिकासाठी ब्रिटिश धाटणीची गूढ शब्दकोडी रचत होते. ‘नेक्स्ट टू नॉर्मल’साठी पुलित्झर मिळवणारे टॉम किट यांची कोलंबियाची पदवी अर्थशास्त्राची. आणि फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरही एक म्युझिकल आहे बरं का: ‘फर्माज लास्ट टँगो’, सन २०००. त्यात पायथागोरस, युक्लिड, न्यूटन आणि गाऊस परलोकातून येऊन गातात. त्याचं चित्रमुद्रण प्रसिद्ध केलं गणिताच्या क्ले संस्थेने.

हातांनी गायचं

अलीकडे काही मुलं सांकेतिक भाषेचं मायनर घेतात. हे ऐकायला सेवाभावी वाटतं, पण त्यामागे रंगमंचाची गरज आहे. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरने २०१५ मध्ये ब्रॉडवेवर ‘स्प्रिंग अवेकनिंग’ केलं. कर्णबधिर नट हातांनी गायचे आणि त्याच क्षणी दुसरा नट त्यांचा आवाज व्हायचा. इथे नुसता दुभाषा पुरत नाही. खुणा तालात बसाव्या लागतात, समेवर हात थांबावा लागतो, अर्थही सुटता कामा नये. त्यासाठी नाटकमंडळीत खास सांकेतिक भाषेचे दिग्दर्शक असतात. हे काम संगीत आणि ती भाषा, दोन्ही आतून जाणणाऱ्यालाच जमतं.

गळ्याचं शास्त्र

माझ्या मते सर्वांत उपयोगी जोडी हीच: म्युझिकल आणि वाचा-स्वरशास्त्र. स्वरतंतू बाईमाणसाचे साधारण दीड सेंटीमीटरचे. ४४० आवर्तनांचा सूर लावला की ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग. ‘साउंड ऑफ म्युझिक’च्या ज्युली अँड्र्यूज ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ करत असताना त्यांच्या स्वरतंतूंना त्रास झाला, १९९७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो जगप्रसिद्ध गाता आवाज परत आला नाही. त्यामुळे गळा कसा चालतो हे शरीरशास्त्र, ध्वनिशास्त्र यांतून शिकलेला नट स्वतःला वाचवतो, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घेऊन इतर गायकांचे गळेही सांभाळू शकतो. वर्गात ‘जोर लावू नकोस’ असं शंभरदा ऐकण्यापेक्षा कॅमेऱ्यातून आपल्याच स्वरतंतूंची उघडझाप एकदा पडद्यावर पाहणं जास्त शिकवून जातं.

आपल्याकडे आता

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी, प्रत्यक्ष वर्गात बसून करायला परवानगी दिली. मुख्य अट अशी: दोन्हींचे तास एकमेकांवर येता कामा नयेत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर हे शब्दही आता आपल्या कॉलेजांच्या सूचनाफलकांवर आले आहेत. तेव्हा विज्ञानाच्या जोडीला नाटक किंवा संगीत घ्यायचं मनात असेल, तर माहितीपुस्तकातल्या गोड वाक्यांवर थांबू नका. दोन्ही विभागांत स्वतः जा आणि तीन गोष्टी विचारून घ्या: प्रॅक्टिकल दुपारी किती वाजता संपतं, तालीम किती वाजता सुरू होते, आणि प्रयोगाच्या आठवड्यात परीक्षा आली तर कोण कुणाला सवलत देतं. अमेरिकेतल्या मुलांचं दुहेरी मेजर कोसळू शकतं ते या तिसऱ्या प्रश्नावर, त्यामुळे त्याचं उत्तर लेखी घ्या.